पाळीवरची पाहणी

(दृश्य : मे महिन्यातली सकाळ. मातीच्या एका लहान धरणाच्या माथ्यावरून चालणारे दोघे. एकाच्या हातात लोखंडी सळई, दुसऱ्याच्या खांद्याला चुन्याची पिशवी.)

मे महिना. पाणी पार तळाला गेलंय. एरवी बुडालेला दगडांचा थर, अश्मपटल म्हणतात त्याला, आता वरपासून खालपर्यंत उघडा पडलाय. मध्येच एका ठिकाणी दगड खचलेत. लाटांनी आतली माती ओढून नेली की ते असे बसतात. पावसाळ्यात इथं उभं राहिलात तर हा खळगा दिसणारच नाही.

(दृश्य : माथ्यावरची भेग, जवळून.)

काळी माती उन्हाळ्यात तडकते, तेव्हा प्रत्येक भेगेला घाबरायचं काम नाही. बघायचं ते तिची दिशा. माथ्याच्या लांबीनं गेली असेल तर नोंद करून पुढं जातात. पण पाण्याच्या अंगाकडून कोरड्या अंगाकडे, आडवी गेली असेल, तर हे दोघे थांबतात. भेगेत चुन्याचं पाणी ओततात, ते मुरू देतात आणि शेजारी खड्डा घेतात. पांढरी रेघ जिथवर उतरली, तिथवर भेग. कुठलंही यंत्र लागत नाही.

(दृश्य : कोरड्या उतारावर वाढलेल्या बाभळी. सावलीत शेळ्या.)

या बाभळींबद्दल गावात कुणाची तक्रार नाही. सावली आहे, शेळ्यांना पाला आहे. पण झाड मेलं की मुळं कुजतात, आणि मुळाच्या जागी भरावात पोकळ नळी उरते. झुडूप हाताएवढं असतानाच काढायचं असतं. हे मनगटाएवढं केव्हाच झालंय.

(दृश्य : बीळ. सळई आत जाते. बिळाभोवती चुन्याचं वर्तुळ.)

आणि हे बीळ. उंदराचं असेल, घुशीचं, खेकड्याचंही. खेकडा म्हटलं की महाराष्ट्रात लोक हसतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ठेवला होता. गळतीची तक्रार आपण आधीच केली होती, असं गावकरी सांगत होते.

खेकडा भराव पोखरतो, यात खोटं काही नाही. म्हणून तर सळई घेऊन फिरायचं. बीळ सापडलं की खणायचं, ओलसर माती थराथरानं भरून ठोकायची. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम. ते झालं नसेल तर जाब खेकड्याला कसा विचारणार?

(दृश्य : विमोचकाची विहीर, बाहेरून.)

विमोचक म्हणजे धरणातलं पाणी बाहेर सोडायची वाट. त्याच्या विहिरीत कॅमेरा उतरवता आला नाही. एवढंच सांगतो, की धरणाच्या पोटातून जाणाऱ्या या बांधकामाच्या कडेनं पाण्याला वाट सापडू शकते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हाही भराव खचत गेला तो विमोचकाच्या वरच.

(दृश्य : ऑक्टोबर. धरण भरलेलं. पायथ्याशी ओल, पाण्याची बारीक धार. काचेच्या बाटलीत पाणी धरलं जातं.)

आता तीच जागा, पावसाळ्यानंतर. पायथ्याशी पाणी पाझरतंय. मातीचं धरण थोडं पाझरणारच, ते तसंच बांधलेलं असतं. प्रश्न रंगाचा आहे. बाटली उजेडात धरा. पाणी नितळ असेल तर ते नुसतंच पाणी. गढूळ असेल तर पाण्याबरोबर धरण चाललंय, कणाकणानं. धार त्रिकोणी खाचेतून सोडून तिची उंची मोजतात. जलाशयाची पातळी तेवढीच असताना गेल्या वर्षीपेक्षा आकडा वाढला, तर कारण शोधावंच लागतं. त्यासाठी गेल्या वर्षीचा आकडा लिहिलेला असावा लागतो, ही गोष्ट वेगळी.

(दृश्य : सांडवा. त्यावर रचलेली वाळूची पोती.)

ही पोती पूर अडवायला ठेवलीत असं वाटेल. ती पाणी साठवायला ठेवलीत. उन्हाळ्यात आणखी पंधरा दिवस पाणी पुरावं म्हणून शेतकरी सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी निघून जायच्या वाटेवर, ती दीड-दोन फूट चढवतात. त्यांची गरज खरी आहे. पण पोत्यांनी वाट अडवली, तर मोठ्या पुराला उरतो फक्त माथा, आणि मातीच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं की धरण काही तासांचं.

तशीही ही वाट बेताचीच असते. लहान धरणाचा सांडवा साधारणपणे शंभर वर्षांत एकदा येईल अशा पुरासाठी आखतात. ऐकायला भक्कम वाटतं. पन्नास वर्षांच्या आयुष्यात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता मात्र शंभरात चाळीसच्या आसपास निघते.

(दृश्य : ड्रोन. धरणावरून ओढ्याच्या काठाकाठानं वाडीकडे.)

इथं बरेच जण गोंधळतात. धोक्याची श्रेणी धरण किती चांगलं आहे यावरून ठरत नाही, खाली कोण राहतं यावरून ठरते. धरण धडधाकट असलं, तरी ओढ्याच्या काठावर घरं आहेत म्हणून धोका मोठाच. पाण्याचा लोंढा सेकंदाला तीन मीटरनं आला, तर दीड किलोमीटरवरच्या घरापर्यंत आठ-नऊ मिनिटांत पोहोचतो. धरण बांधताना काठ मोकळा असला, तरी पुढं घरं वाढतात. श्रेणी पुन्हा ठरवायला हवी ती यासाठी.

धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी त्यानं बंधनकारक केली. पण तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू. दहा ते पंधरा मीटरमधल्यांना काही अटींवर, दहा लाख घनमीटर साठा ही त्यातली एक. हे धरण दहा मीटरच्या आतलं. अटींच्या यादीत खालची वाडी कुठेच मोजलेली नाही.

(दृश्य : पुन्हा मे. नोंदवही बंद होते. उतारावर पांढरी वर्तुळं.)

चुन्याची अकरा वर्तुळं. त्यातली दोन बिळं आज भरली. उरलेल्यांना माणूस मिळायचाय. चुना पहिल्या वळवात धुऊन जाईल.