त्या थंडीचा रंग कोणता?

मित्रहो, आज एकाच सिनेमाबद्दल बोलायचं आहे आणि त्यातही बराचसा वेळ त्याच्या रंगाबद्दल. 'द फ्रेंच कनेक्शन', १९७१ सालचा. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन, छायालेखक ओवेन रॉइझमन, न्यूयॉर्कचा पोलीस पोपाय डॉइल याच्या भूमिकेत जीन हॅकमन. पाच ऑस्कर मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही होतं. रॉइझमनला मात्र नामांकनावर समाधान मानावं लागलं.

आधी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. न्यूयॉर्क, ऐन हिवाळा. मार्सेहून आलेला हेरॉइनचा बडा व्यापारी शार्निए एका महागड्या फ्रेंच उपाहारगृहात जेवतो आहे. टेबलावर पांढरंशुभ्र कापड, वाइन, एकामागून एक येणारे पदार्थ. आणि रस्त्याच्या पलीकडे, एका दाराच्या आडोशाला, पाळतीवर असलेला डॉइल गारठून उभा आहे. हातात पिझ्झाचा तुकडा. कागदी पेल्यातली कॉफी तो एक घोट घेऊन रस्त्यावर ओतून देतो. या प्रसंगात कोणी काही समजावून सांगत नाही. आतला उबदार पिवळा उजेड आणि बाहेरची करडी, निळसर थंडी, एवढ्यावर सगळं उभं आहे. फ्रीडकिन माहितीपटांतून आलेला माणूस. रॉइझमननेही खऱ्या जागा, खरा हिवाळा आणि जमेल तिथे जागेवरचाच उजेड वापरला. म्हणून त्या पडद्यावरची थंडी आपल्याला बोचते.

आता २००९ साली काय झालं ते सांगतो. हा सिनेमा ब्लू-रेवर आला आणि लोकांनी डिस्क लावली तर ओळखीचं चित्र दिसेना. फ्रीडकिनने आधी सगळ्या सिनेमाचं कृष्णधवल रूप करून घेतलं. मग रंगीत रूपातला रंग भरमसाट वाढवला, तो मुद्दाम धूसर केला आणि त्या कृष्णधवल चित्रावर चढवला. रंग फिके, कडा सोडून ओघळल्यासारखे. काळं अधिक काळं, पांढरं अधिक पांढरं, आणि फिल्मचे कण ठळक. आपण हे का आणि कसं केलं, हे फ्रीडकिनने त्याच डिस्कवरच्या एका छोट्या फिल्ममध्ये स्वतः सांगितलं आहे. रॉइझमन संतापला. आपल्याला विचारलंच नाही, हे रूप भयंकर आहे, असं तो जाहीरपणे बोलला.

प्रेक्षकांत उभी फूट पडली. एका बाजूचं म्हणणं असं: सिनेमा दिग्दर्शकाचा, त्याला आज तो असा दिसत असेल तर आपण कोण अडवणारे? शिवाय हा मुळातच खरखरीत सिनेमा, तो आणखी रखरखीत झाला तर बिघडलं कुठे? दुसरी बाजू म्हणत होती, आम्ही हा थिएटरात पाहिला आहे आणि तो असा नव्हता. जुनं रूपही सोबत दिलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं, असंही अनेकांचं मत होतं. मला ते पटतं.

पण 'मी पाहिला आहे' या साक्षीत एक अडचण आहे, ती मान्य केली पाहिजे. रंगाची आठवण फसवी असते. प्रत्येक प्रिंट थोडी वेगळी, प्रोजेक्टरचा दिवा वेगळा, आणि मधल्या काळात आपण तोच सिनेमा व्हीएचएसवर इतक्यांदा पाहिलेला असतो की मूळ आठवण कोणती आणि कॅसेटची कोणती, हेच कळत नाही. माझंही तसंच झालं होतं. तरीही मी रॉइझमनच्या बाजूने आहे, कारण तो आठवणीवर बोलत नव्हता. त्या दारात किती उजेड होता हे त्याने मोजलं होतं. ती कॉफी ओतायचा प्रसंग २००९च्या डिस्कवर पाहताना मला आतबाहेरचा फरक जाणवतच नाही. सगळीकडे एकच धुकट छटा. डॉइलची जळफळ कशावरून आहे तेच निसटून जातं.

२०१२ साली नवी ब्लू-रे निघाली. या खेपेला फ्रीडकिन आणि रॉइझमन दोघांनी मिळून रंग पाहिले आणि हिवाळा परत आला. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला नसता तर हे झालं असतं, असं मला वाटत नाही.

या सिनेमातल्या गाजलेल्या पाठलागाबद्दल न बोलता पुढे गेलो तर तुम्ही मला सोडणार नाही. ब्रुकलिनमध्ये खांबांवरून धावणारी रेल्वे आणि तिच्या खाली डॉइलची गाडी. गाडी स्टंट ड्रायव्हर बिल हिकमन चालवत होता आणि मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन खुद्द फ्रीडकिन बसला होता. कॅमेरामन बायकामुलांचे होते म्हणून, असं तो सांगायचा. पार्श्वसंगीत अजिबात नाही. टायर, हॉर्न, ब्रेक, बस्स. चांगल्या डिस्कवर आवाज नीट ऐका, एवढंच सांगतो.

मला जास्त बोलायचं आहे ते २०२३ बद्दल. त्या वर्षी अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या लक्षात आलं की स्ट्रीमिंगवरच्या प्रतीतून काही सेकंद गायब आहेत. पोलीस ठाण्यातला प्रसंग, ज्यात डॉइल कृष्णवर्णीयांबद्दल अत्यंत घाणेरडा शब्द वापरतो. कापल्याची कुठे सूचना नाही, खुलासा नाही. ज्यांच्या घरी जुन्या डिस्क होत्या त्यांनी त्या लावून पाहिल्या, म्हणून चोरी पकडली गेली.

हे मला २००९पेक्षा फार वाईट वाटतं. फ्रीडकिन चुकला असेल, पण समोर येऊन, स्वतःच्या नावाने चुकला. इथे कोणीच समोर आलं नाही. तो शब्द ऐकताना अंगावर काटा यायलाच हवा, कारण डॉइल हा टाळ्या वाजवाव्यात असा नायक नाही. शेवटाकडे तो शार्निए समजून आपल्याच बाजूच्या सरकारी अधिकाऱ्याला गोळी घालतो आणि घडीभरही न थांबता अंधारात पुढे जातो. हा माणूस असं का करू शकतो, त्याचं बीज त्या ठाण्यातल्या प्रसंगात आहे. ते काढलंत की उरतो नुसता तापट, पण मनाचा चांगला पोलीस. असा माणूस हॅकमनने साकारलेला नाही.

रॉइझमन आणि फ्रीडकिन दोघेही २०२३ मध्येच गेले, हॅकमन २०२५ मध्ये. पुढची प्रत निघेल तेव्हा 'हे असं नव्हतं' म्हणायला त्यांच्यातलं कोणी नसेल.

आता दिवे घालवतो. उपाहारगृहाचा प्रसंग दोनदा दाखवणार आहे, आधी २००९ची डिस्क, मग २०१२ची. मध्ये मी काही बोलणार नाही. दोन्ही वेळा, कॉफी ओतून दिल्यावर डॉइल समोरच्या काचेकडे पाहतो, तेव्हा त्या काचेतला उजेड बघा.