देशाचं बोलावणं आणि खेळाडूचा करार

(नागपुरात प्रशिक्षक, पालक आणि क्रीडा संघटनांच्या कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, खेळ हेच ज्याचं पोटापाण्याचं साधन आहे, त्याने देशासाठी खेळावं का, हा आजचा प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: खेळावं, जरूर खेळावं. पण देशाने बोलावलं की त्या बोलावण्याचा कागद हवा. किती दिवसांसाठी नेताय, दुखापत झाली तर पगार कोण देणार, पोराला परत कोणत्या अवस्थेत पाठवणार, हे नेण्याआधी लिहून ठेवलेलं हवं. हा कागद नसला की भांडण खेळाडूच्या देशप्रेमावर जातं, आणि ते मला अत्यंत अन्यायाचं वाटतं.

आपल्याच शहराकडे बघा. दिव्या देशमुखने २०२४ च्या बुडापेस्ट बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये तिसऱ्या पटावर ११ पैकी ९.५ गुण मिळवले, वैयक्तिक सुवर्ण घेतलं, संघालाही सुवर्ण मिळालं. ऑलिंपियाडला आयोजकांकडून रोख बक्षीस नसतं. पुढच्याच वर्षी बातुमीला तिने महिला विश्वचषक जिंकला, तिथे पहिलं बक्षीस ५० हजार डॉलरचं होतं. धनुर्धर ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला १५० पैकी १५० गुण मारून जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदकं घेऊन आला. उमेश यादव देशाकडून खेळला तो क्रिकेट मंडळाच्या मानधनावर. बॅडमिंटनपटू मालविका बनसोड वर्षभर स्पर्धांमागून स्पर्धा खेळते, त्यावर तिचं जागतिक मानांकन ठरतं. चौघंही देशाचेच खेळाडू, पण प्रत्येकाचं गणित वेगळं. म्हणून या प्रश्नाला सरसकट उत्तर देणारा माणूस बहुधा एकाच खेळाचा विचार करत असतो.

व्यावसायिक खेळाडूंना देशाच्या संघात येऊच द्यायचं नाही, हा जुना विचार आता संपला आहे. त्यावर फार वेळ घालवत नाही. जिम थॉर्पने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकली. आधी कधीतरी किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता म्हणून त्याची पदकं काढून घेतली. त्याला एकट्याला विजेता म्हणून पुन्हा मान्यता मिळाली ती २०२२ मध्ये, मृत्यूनंतर जवळपास सत्तर वर्षांनी. हौशीपणाची अट ही मुळात घरचं खाऊन खेळू शकणाऱ्यांची सोय होती. ती हळूहळू गेली: १९८८ ला टेनिस ऑलिंपिकमध्ये परतलं, १९८९ ला बास्केटबॉल महासंघाने दार उघडलं आणि १९९२ ला बार्सिलोनात एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे खेळाडू उतरले. जगातले सर्वोत्तम खेळाडू बाहेर ठेवून विजेत्याला जगज्जेता म्हणण्यात मला अर्थ दिसत नाही.

तेव्हा खरा प्रश्न पैशाचा आणि दिवसांचा आहे. त्याचं सगळ्यात बारीक उत्तर फुटबॉलने शोधलं आहे, ते नीट समजून घेऊ.

फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमावलीत वर्षातले ठराविक काळ राष्ट्रीय संघांसाठी राखून ठेवलेले असतात. त्या काळात बोलावणं आलं की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. प्रवासाचा खर्च राष्ट्रीय संघटनेने करायचा. पगार मात्र क्लबच देत राहतो, आणि खेळाडू सोडला म्हणून क्लबला संघटनेकडे भरपाई मागता येत नाही. खेळाडूवरही बंधन आहे: बोलावलं असताना तो गेला नाही, तर तो राखीव काळ आणि वर पाच दिवस त्याला क्लबकडूनही खेळता येत नाही. दुखापत सांगितली तर संघटना आपल्या डॉक्टरकडून त्याची तपासणी करून घेऊ शकते.

आता यात घोटाळा कुठे होतो बघा. शार्लर्वा या बेल्जियन क्लबचा अब्देलमजीद ऊल्मर्स नोव्हेंबर २००४ मध्ये मोरोक्कोकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला, जखमी झाला आणि कित्येक महिने बाहेर बसला. पगार क्लबने दिला, खेळाडूही क्लबनेच गमावला. क्लब फिफाविरुद्ध कोर्टात गेला, युरोपातले बडे क्लब त्याच्या पाठीशी उभे राहिले, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि २००८ मध्ये तडजोड झाली. विश्वचषकाच्या उत्पन्नातून क्लबांना वाटा मिळू लागला. २०२२ च्या कतार विश्वचषकासाठी ही रक्कम २० कोटी ९० लाख डॉलर होती, म्हणजे एका खेळाडूमागे दिवसाला साधारण ११ हजार डॉलर. त्याशिवाय फिफाचा विमा आहे. राष्ट्रीय संघाबरोबर असताना झालेल्या दुखापतीने खेळाडू २८ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला, तर त्याचा पगार विम्यातून क्लबला मिळतो; दिवसाला जास्तीत जास्त २०,५४८ युरो, एका वर्षापर्यंत, म्हणजे एका अपघातामागे कमाल ७५ लाख युरो. देशासाठी खेळण्याची जोखीम कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न असा आकड्यांनी सुटतो.

आपल्याकडे काय झालं? हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतलं फुटबॉल फिफाच्या राखीव काळात बसत नव्हतं आणि आयएसएल या आपल्या फुटबॉल लीगचा हंगाम सुरू व्हायच्या बेतात होता. क्लबांवर खेळाडू सोडायची सक्ती नव्हती, त्यांनी बऱ्याच जणांना सोडलं नाही. शेवटच्या घटकेला जमवलेला संघ १८ सप्टेंबर २०२३ च्या संध्याकाळी पोहोचला आणि १९ तारखेला यजमान चीनपुढे उभा राहिला. मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती, राहुल के. पी. ने बरोबरीचा गोल केला होता. उत्तरार्धात चार गोल बसले आणि सामना १-५ असा गेला. ते पंचेचाळीस मिनिटांचं कोसळणं पायांचं होतं, मनाचं नव्हे. प्रवासाचा शीण उतरला नाही, एकत्र सराव नाही, राखीव फळी अपुरी. यात कोणी खेळाडू देशद्रोही नव्हता, कोणी क्लब खलनायक नव्हता. स्पर्धेच्या तारखा कितीतरी आधी सगळ्यांना ठाऊक होत्या. संघटना, लीग आणि क्लब यांनी वेळेत एका टेबलावर बसून तारखा जुळवल्या नाहीत, एवढंच. आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं, कारण हे टाळता येण्यासारखं होतं.

क्रिकेटमध्ये चित्र उलटं. इथे मालक देशाचं मंडळच आहे. आयपीएल मंडळाचीच, राष्ट्रीय संघही मंडळाचाच. परदेशी लीगमध्ये खेळायला ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि खेळत्या भारतीय पुरुष खेळाडूला ते मंडळ देत नाही. त्यामुळे क्लब विरुद्ध देश असं भांडण आपल्याकडे उघड होत नाही. ते खेळाडूच्या शरीरात होतं.

वेगवान गोलंदाजाचा हिशेब करू. आयपीएलच्या साखळीत १४ सामने, सामन्याला जास्तीत जास्त २४ चेंडू. सगळे सामने खेळला तरी दोन महिन्यांत ३३६ चेंडू. एका कसोटीत दोन डाव मिळून ४० षटकं पडली तर पाच दिवसांत २४० चेंडू. २०२३ चा आयपीएल अंतिम सामना २९ मेच्या मध्यरात्रीनंतर संपला आणि ७ जूनला ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना सुरू झाला. मधले दिवस मोजा. तो सामना आपण २०९ धावांनी हरलो. हरण्याची कारणं अनेक असतील, पण गोलंदाजाला इतक्या घाईत एका कामावरून दुसऱ्या कामावर ढकलणं ही पद्धतच चुकीची आहे.

दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडाला वेळ लागतो. भार एकदम दुप्पट-तिप्पट झाला की कमरेच्या खालच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, म्हणजे हाडाला बारीक तडा जातो, उजव्या हाताच्या गोलंदाजाला बहुधा डाव्या बाजूला. सुरुवातीला ते नुसतं पाठ धरल्यासारखं वाटतं, पोरं गोळी घेऊन खेळत राहतात, आणि साध्या एक्स-रेमध्ये ते अनेकदा दिसतच नाही, एमआरआय लागतो. उपाय ठाऊक आहे. लीग चालू असतानाच सामन्याच्या २४ चेंडूंखेरीज आठवड्यातून दोनदा लाल चेंडूने सहा ते आठ षटकं टाकायची, दर आठवड्याला थोडं वाढवत न्यायचं, आणि सामना नसलेल्या आठवड्यात गोलंदाजी पूर्ण बंद करायची नाही. नागपूरच्या मे महिन्यात हे नेट सकाळी सहाला लावावं लागेल, लावा. अडचण ही की फ्रँचायझीच्या फिजिओकडे एक वही आणि राष्ट्रीय संघाच्या फिजिओकडे दुसरी. टाकलेल्या प्रत्येक चेंडूची नोंद दोघांना रोज दिसेल अशी एकच हवी. करारात हे एक कलम असायला काहीच हरकत नाही.

पैशाचंही तसंच. कसोटीचं सामना मानधन १५ लाख रुपये. मार्च २०२४ मध्ये मंडळाने कसोटीसाठी प्रोत्साहन योजना आणली: हंगामात नऊ कसोटी धरल्या तर सात किंवा अधिक सामन्यांत अकरात असलेल्याला दर सामन्याला आणखी ४५ लाख, पाच-सहा सामने खेळणाऱ्याला ३० लाख. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. देशासाठी पाच दिवस उन्हात राबणाऱ्याला चार षटकं टाकणाऱ्यापेक्षा कमी मिळत असेल, तर त्याला निष्ठेचे धडे देण्याचा अधिकार कोणाला नाही. ज्यांच्याकडे एवढा पैसा नाही त्या मंडळांचं काय होतं, तेही पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडच्या कसोटी दौऱ्यावर कसोटी न खेळलेला कर्णधार पाठवला, कारण प्रमुख खेळाडू देशांतर्गत टी-२० लीगला बांधलेले होते, आणि त्या अटी मंडळानेच मान्य केल्या होत्या. न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध इतिहासात पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली. वेगवान गोलंदाज ट्रेंट बोल्टने २०२२ मध्ये न्यूझीलंडचा केंद्रीय करार, म्हणजे मंडळाशी असलेला मानधनाचा करार, सोडला. मंडळाने तो समजुतीने मोकळा केला आणि निवड झाली तेव्हा तो पुढेही देशाकडून खेळला. दार आपटून बंद करण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा.

टेनिसमध्ये तर खेळाडूला पगार देणारा कोणी नसतोच. प्रशिक्षक, फिजिओ, विमान, हॉटेल सगळं स्वतःच्या खिशातून, आणि डेव्हिस चषक या देशांच्या संघांच्या स्पर्धेला दिलेला आठवडा म्हणजे मानांकनाचे गुण मिळवण्याचा एक आठवडा कमी. ऑलिंपिक खेळायचं तर डेव्हिस चषक किंवा महिलांच्या बिली जीन किंग चषकासाठी ठराविक वेळा उपलब्ध राहावंच लागतं. २०२४ मध्ये सुमित नागलच्या मानधनाच्या मागणीवरून गदारोळ झाला तेव्हा त्याने सांगितलं की देशासाठी खेळतानाही मोबदला मिळणं ही सर्वत्र रूढ पद्धत आहे. मी त्याच्या बाजूने आहे. रक्कम किती असावी यावर वाद घाला. मागितलीच कशी, हा वाद नको.

आता तुमच्यासाठी कामाचं. मानकापूरच्या क्रीडा संकुलात किंवा जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर सराव करणाऱ्या मुलामुलींचे पालक इथे आहेत. पोरगं पहिला व्यावसायिक करार करतं तेव्हा पालक आकडा बघतात आणि सही करतात. आकड्याच्या आधी राष्ट्रीय शिबिराचं कलम शोधा. राखीव काळाबाहेर, म्हणजे आशियाई स्पर्धा, वयोगटातल्या स्पर्धा, सराव शिबिरं यांसाठी सोडणार का, हे लिहिलेलं नसेल तर उत्तर ‘नाही’ असंच धरा. शिबिरातल्या दिवसांचा पगार कापतात का ते विचारा. जाहिरातीचे हक्क बघा. क्लबचा प्रायोजक आणि राष्ट्रीय संघाचा प्रायोजक वेगळे असले की पोराच्या बुटापासून त्याच्या समाजमाध्यमांपर्यंत सगळीकडे अडचण होते, आणि ऑलिंपिकच्या काळात वैयक्तिक जाहिरातींवर आणखी बंधनं असतात.

भारताकडून खेळायला पारपत्र भारतीयच लागतं. परदेशात स्थायिक झालेल्या नातेवाइकांच्या मुलांनी ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, काढलं असेल, तर त्यावर भारताकडून खेळता येत नाही.

उत्तेजक चाचणीचं लोक हलक्यात घेतात. नाडा या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या नोंदणीकृत यादीत नाव आलं की पुढच्या तिमाहीतल्या प्रत्येक दिवशी एक तास आपण कुठे सापडू हे आधी कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या, मग ते न सापडणं असो की माहिती न भरणं, की तो नियमभंग ठरतो आणि दोन वर्षांपर्यंत बंदी येते. शरीरात काही सापडलं नसलं तरीही. २०२० मध्ये पाच भारतीय क्रिकेटपटूंना माहिती न भरल्याबद्दल नोटीस गेली होती आणि मंडळाने पासवर्डची अडचण झाल्याचं सांगितलं. क्लब म्हणतो संघटना भरेल, संघटना म्हणते क्लब भरेल. जबाबदारी शेवटी खेळाडूची. लग्नकार्याला गावी गेलात तरी आधी पत्ता बदला.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड धनुर्विद्येचा, म्हणजे ओजस खेळतो त्या चाकं लावलेल्या धनुष्याचा, मिश्र सांघिक प्रकार आला आहे, क्रिकेटही आलं आहे; सहा संघ आणि जुलै महिना. म्हणजे ही कलमं आता आपल्या गल्लीतल्या पोरांच्या करारात येणार. तेव्हा घरात एक फाइल करा. शिबिराला निघण्याआधीचा तंदुरुस्तीचा अहवाल, तिथे झालेल्या प्रत्येक दुखापतीची नोंद, एमआरआयची सीडी, आणि परत निघताना राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरची तारखेसह सही. संघाची बस विमानतळाकडे निघायच्या आधीच ती सही घ्या. नंतर दुखणं कुठे सुरू झालं यावर क्लब आणि संघटना भांडू लागले, तर तुमच्या हातात तोच कागद असेल.