मेडफर्डचा अर्ज

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनजवळच्या मेडफर्ड गावात आयझॅक रॉयल या एकाच नावाच्या पितापुत्रांची तिमजली हवेली आजही उभी आहे. मात्र आपल्याला पाहायची आहे ती तिच्या शेजारची साधी इमारत. थोरले रॉयल १७३७ साली कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटावरून येथे राहायला आले, तेव्हा उसाच्या मळ्यांतून मिळवलेल्या संपत्तीबरोबर त्यांनी २७ गुलामही आणले. पुढच्या चार दशकांत ६० हून अधिक माणसे येथे गुलामीत राबली. अमेरिकेच्या उत्तर भागात गुलामांच्या निवासाची अशी स्वतंत्र इमारत दुसरी उरलेली नाही.

गुलामीतून निसटून पुढे तिच्याविरुद्ध लढलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचे ५ जुलै १८५२ चे भाषण मॅसॅच्युसेट्समधील अनेक गावांत दर उन्हाळ्यात लोक एकत्र जमून, उतारे वाटून घेऊन मोठ्याने वाचतात. वाचन ग्रंथालयातही होऊ शकते, हे खरे. परंतु ज्या उंबरठ्यावरून रॉयल यांचे गुलाम रोज कामाला गेले, तेथे बसून वाचताना ‘हे दक्षिणेकडे घडले’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्या उत्तरेतही ही प्रथा पूर्वी कायदेशीर होती, हे मराठी वाचकाच्याही सहसा लक्षात येत नाही.

या वास्तूत वाचण्याजोगा सर्वांत मोलाचा मजकूर जेमतेम पानभराचा आहे. धाकटे रॉयल १७७५ साली अमेरिकन क्रांतीच्या तोंडावर घर सोडून गेले आणि इंग्लंडमध्ये वारले. त्यांच्या घरी अर्धशतक राबलेल्या बेलिंडा सटन यांनी फेब्रुवारी १७८३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. त्यात आफ्रिकेतील नदीकाठचे बालपण आहे, आईवडिलांपासून झालेली ताटातूट आहे, आणि ज्या संपत्तीचा काही भाग आपल्याच श्रमांतून उभा राहिला तिच्यातला घासही आपल्याला मिळत नाही, ही रोखठोक तक्रार आहे. अर्जाखाली सही नाही, केवळ खूण आहे. म्हणजे लेखणी दुसऱ्या कोणाच्या हातात होती. मग यातले शब्द कोणाचे, आणि नदीच्या आठवणीत लेखनिकाने किती रंग भरला? चर्चा खरी रंगते ती या प्रश्नावर. मला विचाराल, तर अलंकारिक भाषा लेखनिकाची असू शकेल, पण हिशेब बेलिंडा यांचाच आहे.

विधिमंडळाने रॉयल यांच्या मालमत्तेतून वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर केले. लवकरच ती रक्कम थकली, आणि वृद्ध बेलिंडा यांना आजारी मुलीच्या पोषणासाठी पुनःपुन्हा अर्ज करावे लागले. त्यांचा शेवटचा ज्ञात अर्ज १७९३ सालचा आहे. त्याच धाकट्या रॉयल यांनी मृत्युपत्राने हार्वर्ड विद्यापीठाला दिलेल्या जमिनीच्या पैशांतून १८१५ साली तेथे कायद्याचे पहिले अध्यासन सुरू झाले.