हरिकेनची बाजू

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

आत येताना बाहेरचा फ्लेक्स पाहिलात ना? विषय अगदी बरोबर छापलाय: 'हरिकेन विमान आणि १९४०ची लढाई'. खाली रंगीत, भलंमोठं चित्र आहे ते मात्र स्पिटफायरचं, त्याच काळातल्या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं. (हशा) संयोजकांवर माझा राग नाही. ज्या मुलाने तो फ्लेक्स केला त्याने नेटवर 'महायुद्ध ब्रिटिश विमान' असं काहीतरी शोधलं असणार, आणि तिथे दुसरं काही वर येतच नाही. माझं निम्मं भाषण त्यानेच करून टाकलं, याबद्दल त्याला चहा माझ्याकडून.

स्पिटफायर देखणं आहे, त्याबद्दल वाद घालायला मी आलेलो नाही. ते लंबगोल पंख पाहून माणूस हरखतोच. हरिकेन म्हणजे पाठीला कुबड, पंख जाड आणि कॉकपिटच्या मागचं अंग चक्क कापडाचं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेलं लिननचं कापड. इंजिन मात्र दोघांचं एकच, रोल्स-रॉइसचं मर्लिन. सिडनी कॅमने आखलेलं हरिकेन ६ नोव्हेंबर १९३५ला पहिल्यांदा उडालं, स्पिटफायर त्यानंतर चार महिन्यांनी. म्हणजे थोरलंही हेच.

आता जुलै ते ऑक्टोबर १९४०मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मन हवाईदलाशी झालेल्या लढाईचा हिशेब बघा. ऑगस्टमध्ये लढाई ऐन भरात आली तेव्हा ब्रिटनकडे हरिकेनच्या ३२ स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, होत्या आणि स्पिटफायरच्या १९. जर्मन विमानं पाडल्याचे निम्म्याहून अधिक दावेही हरिकेनवाल्यांचेच. पण पकडलेल्या जर्मन वैमानिकाला विचारलं, तुला कुणी पाडलं, तर तो म्हणणार स्पिटफायरने. हरिकेनकडून मार खाल्ला हे सांगायची त्यालाही लाज! लग्नाच्या अल्बममध्ये नवरानवरी पानोपानी असतात, मांडवात रात्रभर राबलेला मामा शोधून सापडत नाही. मी त्या मामाच्या बाजूने बोलतोय.

एक गंमत सांगतो, मग मुद्द्यावर येतो. फेब्रुवारी १९३८. हरिकेन नुकतंच १११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आलेलं. तिचा प्रमुख जॉन गिलन एडिंबराजवळून निघाला आणि ३२७ मैल कापून ४८ मिनिटांत लंडनजवळच्या नॉर्थोल्टला उतरला. ताशी ४०८ मैल! वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. खरं तर हरिकेन ताशी सव्वातीनशेच्या आसपास पळायचं. बाकीचं सगळं पाठीमागून सुटलेल्या सोसाट्याच्या वाऱ्याचं कर्तृत्व. हवाईदलातल्या दोस्तांनी त्याला जन्मभराचं नाव चिकटवलं, 'डाउनविंड' गिलन. आपल्याकडेही पाठीमागच्या वाऱ्यावर पोचलेली माणसं पुष्कळ आहेत, नावं घेत नाही. (हशा)

आणखी एक, हे खास मराठवाड्यातून आलेल्या मंडळींसाठी. ब्रिटिश हवाईदलाच्या काही स्क्वाड्रनांच्या नावात 'हैदराबाद' होतं, निजामाने दिलेल्या देणग्यांमुळे. त्याच्या तिजोरीत आपल्या परभणी-बीडचा शेतसाराही जमा होत होताच. त्यातली २५३ क्रमांकाची स्क्वाड्रन १९४०मध्ये लंडनच्या दक्षिणेला केनलीवरून हरिकेन उडवत लढली. १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर तर निजामाची पगडीच आहे. पण तिला विमानं मिळाली स्पिटफायरची! पैसा आपला आणि मिरवणूक पुन्हा त्याचीच.

बरं, निकल्सन. हे नाव इथे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. तीन. वाटलंच होतं. अख्ख्या युद्धात ब्रिटनच्या फायटर कमांडमधल्या, म्हणजे लढाऊ विमानांच्या दलातल्या, एकाच माणसाला व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं, तो माणूस जेम्स निकल्सन. आणि तो उडवत होता हरिकेन.

१६ ऑगस्ट १९४०. साउदॅम्प्टनच्या आकाशात २४९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या तीन विमानांवर जर्मन विमानं मागून तुटून पडली. निकल्सनचं वय २३. तोफेच्या गोळ्यांनी पाय जखमी झाला, पापणी फाटून डोळ्यात रक्त उतरलं. हरिकेनची एक पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पुढ्यात, डॅशबोर्डच्या पलीकडेच असते. ती पेटली आणि ज्वाळा थेट कॉकपिटमध्ये शिरल्या. आता हाही हरिकेनचा दोषच, मी लपवत नाही. त्या टाकीपायी कितीतरी पोरांचे चेहरे आणि हात जळाले, आणि ईस्ट ग्रिन्स्टेडच्या इस्पितळात डॉक्टर मॅकिंडोने त्यांच्यावर नवी कातडी चढवली. तर निकल्सन उडी मारायला उठला, तेवढ्यात समोर मेसरश्मिट ११० हे जर्मन लढाऊ विमान दिसलं. गडी पुन्हा खाली बसला. हात भाजत असताना त्याने गोळ्या झाडल्या आणि मगच उडी टाकली. छत्री उघडली, खाली इंग्लंडची जमीन दिसली, आता सुटलो असं वाटत असतानाच होमगार्ड या स्थानिक स्वयंसेवक दलाच्या एका उत्साही शिलेदाराने त्याला जर्मन समजून बंदूक चालवली. छर्रे बसले ते कुठे, हे इथे महिलावर्ग असल्यामुळे सांगत नाही. बसायची पंचाईत झाली एवढं समजून घ्या.

हा माणूस बरा होऊन पुढे आपल्याकडे आला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्याने ब्यूफायटर विमानांच्या २७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं. २ मे १९४५ला बंगालमधल्या सालबनीहून निघालेल्या लिबरेटर बॉम्बफेकी विमानात तो नुसता निरीक्षक म्हणून बसला होता. इंजिनाला आग लागली आणि विमान बंगालच्या उपसागरात कोसळलं. देह सापडला नाही, नाव सिंगापूरच्या स्मारकावर कोरलंय. सहा दिवसांनी युरोपातलं युद्ध संपलं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? मूळ विषय तर आत्ता सुरू होतोय! ठीक आहे, पळवतो.

माझा मुद्दा दुरुस्तीचा आहे. स्पिटफायरचा धातूचा पत्रा हाच त्याचा भार पेलतो. त्याला मोठं भोक पडलं की कसबी कारागीर आणि खास साचे लागतात. हरिकेनचा सांगाडा जोडलेल्या नळ्यांचा. वाकलेली नळी काढा, दुसरी बसवा. कापडातून गोळी आरपार गेली तर ठिगळ लावा, वर डोपचा, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या रोगणाचा, हात फिरवा, वाळलं की विमान तयार. तळावरचे मेकॅनिकच हे करू शकत. नवं विमान बांधायलाही स्पिटफायरच्या सुमारे दोन तृतीयांश श्रमतास पुरायचे. चाकं आत दुमडणारी, फाकलेली, म्हणून खडबडीत माळावर उतरताना विमान कलंडण्याची भीती कमी. पंखातल्या आठ मशीनगन चार-चारच्या जुडग्यात, त्यामुळे गोळ्या भरणं झटपट.

याला महत्त्व का? कारण मे-जूनमध्ये फ्रान्सच्या भूमीवरच्या तळांवर पाठवली ती हरिकेनंच, आणि त्यातली साडेतीनशेहून जास्त तिथेच गमावली. फायटर कमांडचा प्रमुख डाउडिंग याने १६ मेला पत्र लिहून आणखी विमानं पाठवायला विरोध केला तो याच धास्तीने. एवढं गमावून पुढच्या दोन-तीन महिन्यांत स्क्वाड्रन पुन्हा भरून निघाल्या, त्या लवकर बांधता आणि दुरुस्त करता येणाऱ्या विमानामुळे. ३०३ क्रमांकाची पोलिश स्क्वाड्रन ३१ ऑगस्टला लढाईत उतरली आणि हरिकेनवाल्यांत सगळ्यांच्या पुढे गेली. तिच्यातल्या योसेफ फ्रान्तिशेक या चेक वैमानिकाने एका सप्टेंबरात १७ विमानं पाडल्याची नोंद आहे. जर्मनांचं मेसरश्मिट १०९ हरिकेनपेक्षा वेगवान होतं, उंचावर तर फारच भारी होतं. तिथे स्पिटफायर हवंच होतं, नाही कोण म्हणतो?

इम्फाळ राहिलं, तेही एका दमात. १९४४मध्ये जपान्यांनी वेढा घातला तेव्हा आपल्या हवाईदलाची पहिली स्क्वाड्रन अर्जनसिंगांच्या हाताखाली तिथे होती, हरिकेन घेऊन. मेहरसिंगांची सहावी स्क्वाड्रनही हरिकेनवरच, ब्रह्मदेशात लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणायचे तिला. झाडांच्या शेंड्यांवरून जाऊन फोटो काढायचे, कच्च्या पट्टीवर उतरायचं, भोकं बुजवायची, पुन्हा उडायचं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. प्रश्न असतील ते विचारा. फक्त कुणी स्पिटफायरचा विचारलात, तर उत्तर चहा झाल्यावर.