वरून कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं

नमस्कार मंडळी. पुण्याजवळच्या कामशेतला टँडम, म्हणजे पायलटबरोबर जोडीने पॅराग्लायडिंग, करून खाली उतरलेल्या माणसांना मी नेहमी एकच विचारतो, कसं वाटलं? वर चढताना सगळे भीतीबद्दल बोलत असतात आणि उतरल्यावर बहुतेक जण म्हणतात, अहो काय शांत होतं वर! आज मला त्या शांततेबद्दलच बोलायचंय, कारण पॅराग्लायडिंग म्हटलं की लोकांना थ्रिल, किंचाळणं असलंच काहीतरी डोळ्यासमोर येतं आणि ज्यांना ते नको असतं ती माणसं या नादाला लागतच नाहीत, आणि खरं सांगू, त्यांनाच हे सगळ्यात जास्त आवडेल.

इंजिन नसतं ना. डोक्यावरच्या कापडी पंखाच्या दोऱ्यांमधून, म्हणजे लाइन्समधून, वाऱ्याची बारीक शीळ तेवढी येते. आणि खालचे आवाज इतके स्वच्छ वर येतात की पहिल्यांदा मला खरंच वाटेना, गावातलं कुत्रं भुंकलं तर कुठल्या वाडीतलं ते कळतं, कुणीतरी गुरांना हाक मारतंय तेही कळतं.

टेकऑफ तर अगदीच साधा. उडी मारायची नसते, उतारावरून पळायचं असतं. पायलट मागून ओरडत असतो, बसू नका, पळा, पळत राहा! विंग, म्हणजे तो पंख, डोक्यावर आली, चार पावलं टाकली की जमीन खाली जाते आणि आपले पाय हवेतच पळत असतात. तो एक सेकंद मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

हा खेळ फार जुनाही नाही. 1978 साली फ्रान्समधल्या मियुसी गावात पॅराशूटवाले तीन मित्र सरावासाठी विमानाचा खर्च परवडेना म्हणून थेट डोंगरावरूनच पळत सुटले, तिथून हे वाढत गेलं. आजची विंग म्हणजे दुहेरी कापड, मध्ये कप्पे, पुढून तोंडं उघडी, वारा आत भरला की कापडाचा पंख होतो. पिशवी पाठीवर घेऊन डोंगर चढायचा आणि पंख लावून उतरायचं. वारा अजिबात साथ देत नसेल तरी साधारण सेकंदाला एक मीटर एवढंच खाली येतो आपण.

पण खरी गंमत वर राहण्यात आहे. कोकणाकडून येणारा पश्चिमेचा वारा सह्याद्रीला धडकला की जाणार कुठे, वरच चढतो, त्या पट्ट्यात डोंगराला धरून येरझाऱ्या घालत राहायचं, याला रिज लिफ्ट म्हणतात. आणि दुसरं थर्मल. भात काढून झाल्यावर खाचरं उघडी पडतात, उन्हाने तापतात आणि तिथली हवा वर उठते. ती दिसत नाही, पण घार दिसते. पंख न हलवता गोल गोल वर चाललेली घार दिसली की आम्ही तिच्याकडे वळतो, आणि व्हॅरिओ, म्हणजे वर-खाली जाणं सांगणारं छोटं यंत्र, पिपपिप करायला लागला की समजायचं आपणही वर चाललोय. मी इतकी वर्षं मावळात फिरलो पण वारा कुठून वळतो, गवत कुठे झुकतंय, घारी किती वाजता निघतात हे मी उडायला लागल्यावर बघायला शिकलो. माझ्यासाठी याची ओढ हीच आहे.

आता धोक्याचं बोलतो, लपवणार नाही. विंगचा स्वतःचा वेग ताशी 35 ते 38 किलोमीटर, समोरून चाळीसचा वारा आला तर तुम्ही मागे मागे जाणार, आणि मागे डोंगरापलीकडे वाऱ्याचे भोवरे असतात, ते फार वाईट. म्हणून जो पायलट आज नाही उडायचं असं सांगतो तोच चांगला पायलट, चार तास टेकडीवर बसून परत यायला लागलं तरी त्याच्यावर चिडू नका. हेल्मेट आणि रिझर्व्ह पॅराशूट आहे का, पायलटला टँडमचा अनुभव किती हे न लाजता विचारा. पावसाळ्यात तर विषयच नाही, ऑक्टोबर ते मे हाच सीझन.

वयाचंही लोक विचारतात. माझी आई 61 वर्षांची असताना फेब्रुवारीत उडाली. वर तिने पायलटला पवनेच्या पाण्याकडे वळायला लावलं, कारण तिला तिकोना किल्ला बघायचा होता, लग्नाआधी मैत्रिणींबरोबर चढलेली ती. उतरल्यावर मी हेल्मेट काढायला गेलो तर तिने माझा हात धरला, म्हणाली, थांब रे जरा, पाय अजून खाली टेकल्यासारखे वाटत नाहीयेत.