तर्रीच्या खालचा रस्सा

(दृश्य: कॉटन मार्केट, जानेवारीतली सकाळ. पोत्यांतून ओतल्या जाणाऱ्या हिरव्या शेंगा, मफलर गुंडाळलेले विक्रेते.)

निवेदन:
थंडी पडली की नागपूरच्या बाजारात शेंगांचे ढीग लागतात. तुरीच्या शेंगा, मटर, हिरवा हरभरा आणि पोपट, म्हणजे वालाच्या कोवळ्या शेंगा. तूर तर इथली घरचीच. विदर्भातला कास्तकार कपाशी किंवा सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी पेरतो. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं, कापसाची वेचणी सुरू होते, पण तूर शेतात उभीच असते. डिसेंबरात शेंगा भरतात. त्यातल्या काही हिरव्या असतानाच बाजारात येतात, बाकीच्या वाळून डाळमिलची वाट धरतात.

दाण्यांच्या अशा मुलखात सूप म्हटलं की मात्र लोकांना हॉटेलातलं टोमॅटोचं सूप आठवतं, नाहीतर पाकिटातलं. मला हे पटत नाही. हे शहर रोज सकाळी दाण्याचं सूप खातं. ते पोह्यांवर ओतलेलं असतं, एवढंच.

(दृश्य: तर्री पोह्याचा ठेला. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, बुडणारी पळी, अगदी जवळून.)

पळी कशी जाते ते बघा. वर लाल तिखट तेलाचा थर, म्हणजे तर्री, त्याच्या खाली काळे चणे आणि ते ज्या पाण्यात शिजले तो रस्सा. नाव होतं तर्रीचं, कारण डोळ्यांना ती दिसते आणि जिभेला ती झोंबते. पण पोह्यांत मुरतो आणि दुपारपर्यंत पोटाला आधार देतो, तो खालचा रस्सा. त्याची चव चण्याने पाण्यात सोडलेली असते. मसाला नंतर येतो.

आज आपण हा खालचा रस्सा घरी करतोय. तर्री न घालता, वाडग्यात घेऊन प्यायला.

(दृश्य: मानेवाडा रोडवरचं घर. संध्याकाळ. ओट्यावर तीन वाट्या: राजमा, काळा चणा, बरबटी.)

ज्यांच्या घरी आलोय त्यांना सगळी गल्ली काकू म्हणते. काकूंनी वाटीभर राजमा काढलाय, अर्धी वाटी चणे, अर्धी वाटी बरबटी. बरबटीला पुण्याकडे चवळी म्हणतात. या तिन्हींची मूळ गावं फार लांबची. राजमा अमेरिका खंडातला, चवळी आफ्रिकेतली, चणा तुर्कस्तान-सीरियाच्या बाजूचा. आज ते नागपूरच्या एका ओट्यावर शेजारी बसलेत आणि तिघांचा शिजायचा वेळ सारखा नाही. म्हणून काकू ते एकत्र भिजवत नाहीत.

काकू:
"बरबटी लवकर गळते. राजम्यासंग टाकली त तिचा गारा होते. वेगळी ठेवाव लागते."

निवेदन:
हिवाळ्यात रात्रभर, म्हणजे दहा-बारा तास भिजवायचं. उन्हाळ्यात एवढा वेळ ठेवलं तर पाणी आंबतं आणि फेस येतो, तेव्हा सहा-सात तास पुरे, किंवा भांडं सरळ फ्रीजमध्ये. भिजवताना पाण्यात मीठ घालायचं. लिटरभर पाण्याला दोन लहान चमचे.

हे ऐकून अनेक घरांत भुवया वर जातील. मिठाने दाणा कडक होतो असं आपण वर्षानुवर्षं ऐकलंय. प्रत्यक्षात घडतं उलट. दाण्याच्या सालीत पेक्टिन नावाचा, साल बांधून ठेवणारा पदार्थ असतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम तो घट्ट धरून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं, पकड ढिली होते, साल मऊ पडते आणि शिजताना दाणा कमी फुटतो.

पाणी जड असेल तर याचा फार उपयोग होतो. नागपूरच्या नळांना पेंचचं आणि कन्हानचं पाणी येतं, पण शहराच्या कडेला बोअरवर चालणारी घरं कमी नाहीत. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं. त्या पाण्यात चणा तासभर उकळला तरी दाताखाली कचकन लागतो आणि घरातली बाई स्वतःला दोष देत बसते. दोष तिचा नाही, पाण्याचा आहे. दाण्यांपुरतं तरी फिल्टरचं पाणी घ्यावं. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की दाणा भराभर शिजतो हे खरं, पण त्याने ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं आणि जास्त पडला तर रश्शाला साबणासारखी चव येते. मी सोड्याच्या बाजूची नाही.

दुसरा दोष दाण्याच्या वयाचा. वाळलेला दाणा कधीच खराब होत नाही, असं समजून आपण दोन-दोन वर्षं डबा भरून ठेवतो. उष्ण आणि दमट जागी ठेवलेला दाणा आतून बदलतो. मग तो कितीही भिजवा, कितीही शिजवा, मऊ होत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि त्यानंतर लगेच पावसाळ्याची दमट हवा येते. स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवरचा डबा यातून सुटत नाही. हरभरा होळीच्या आगेमागे नवा येतो, तेव्हा घ्यावा, पण चार-सहा महिन्यांत संपेल एवढाच.

(दृश्य: सकाळ. भिजून टपोरा झालेला राजमा. काकू पाणी ओतून देतात, दाणे दोनदा धुतात.)

भिजवलेलं पाणी टाकायचं. पोटात वारा धरणाऱ्या काही शर्करा त्या पाण्यात उतरलेल्या असतात, म्हणून ते पाणी जाऊ द्यावं. शिजवलेलं पाणी मात्र जपायचं. कित्येक घरांत नेमकं उलटं होतं. दाणे शिजले की चाळणीत ओततात, पाणी मोरीत जातं, आणि मग रस्सा दाट व्हावा म्हणून त्यात कॉर्नफ्लोअर कालवतात.

आता राजमा. इथे मी थांबून सांगणार आहे, कारण हा भाग चवीचा नाही, जिवाला जपायचा आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं. लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही उलट्या आणि जुलाब घडवायला पुरतात. मंद आचेवर तासन् तास नुसता गरम ठेवला, उकळी आलीच नाही, तर हे विष जात नाही, उलट वाढू शकतं. परदेशी पद्धतीची स्लो कुकरची भांडी हल्ली आपल्याकडेही मिळतात. त्यात कोरडा राजमा थेट टाकू नये.

काकू:
"आधी खदखदा उकळू द्यायचं. वरचा फेस काढायचा. मंग झाकण."

(दृश्य: उकळी. पांढरा फेस कडेला येतो, काकू तो पळीने काढून वाटीत टाकतात. आवाज फक्त उकळीचा.)

निवेदन:
काकूंना फायटोहिमॅग्लुटिनिन हे नाव ठाऊक नाही, पण त्या करतात ते अगदी बरोबर आहे. उघड्या भांड्यात किमान दहा मिनिटं सणसणीत उकळी, आणि मग कुकर. कुकरात दाब वाढतो तशी उष्णता 120 अंशांच्या आसपास जाते. उघड्या गंजात पाणी शंभराच्या वर जातच नाही. त्यामुळे ज्या दाण्याला गंजात दीड तास लागला असता, तो इथे एका शिट्टीनंतर मंद आचेवर वीसेक मिनिटांत होतो. चण्यालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. बरबटीला दहा मिनिटं खूप झाली.

शिट्टी उचलून वाफ काढायची नाही. दाब एकदम उतरला की दाण्याच्या आतलं पाणी उसळतं आणि सालं फाटतात. कुकर आपल्याआप थंड होऊ द्यावा. तेवढ्यात फोडणीची तयारी होते.

(दृश्य: कुकर उघडतो. लालसर तपकिरी, किंचित चिकट पाणी. काकू पळीने ते वर उचलून धार सोडतात.)

ही धार बघा. पाण्यासारखी पडत नाहीये, थोडी जड पडतेय. दाण्यातला स्टार्च आणि प्रथिनं पाण्यात उतरली आहेत. या धारेवरून काकूंना कळतं की रस्सा जमणार.

आता त्या शिजलेल्या दाण्यांतला तिसरा हिस्सा बाजूला काढतात. घोटणीने घोटतात, अगदी गुळगुळीत नाही, थोडा रवाळ. ते पुन्हा रश्शात. मिक्सर नको, कारण मिक्सरमध्ये सगळं एकजीव होऊन खळीसारखं लागतं. घोटलेल्या दाण्याने रश्शाला अंग येतं आणि सबंध दाणे दाताखाली राहतात.

(दृश्य: कढई. तेलात जिरं, मग ठेचलेला लसूण.)

फोडणी साधी. दोन मोठे चमचे तेल, जिरं, तेजपान, आणि लसूण मात्र हात आखडून घ्यायचा नाही. दहा-बारा पाकळ्या, ठेचून. बारीक चिरलेला कांदा, आलं, भरडलेले काळे मिरे, थोडी हळद. सावजी मसाल्याचा डबा समोरच होता. काकूंच्या सुनेने तो उचललाही होता.

काकू:
"ते राहू दे बेटा. मसाला टाकला का सगळ्याची चव एकच लागते. आज दाण्याची चव घे."

सून:
"मग तिखट काहीच नाही, आई?"

काकू:
"मिरे हायेत ना. नाकातून पाणी येते का नाही बघ."

निवेदन:
गाजर किंवा लाल भोपळ्याच्या फोडी याच वेळी टाकाव्यात. टोमॅटो मात्र आता नाही. आंबट पदार्थ दाण्याला मऊ होऊ देत नाही. चिंच, टोमॅटो, दही, काहीही आंबट असो, दाणा पूर्ण शिजल्यावरच घालायचं. विदर्भात अंबाडीची भाजी करणाऱ्या प्रत्येक घरात हे माहीत असतं. आधी डाळ शिजवून घेतात आणि मग अंबाडीचा पाला टाकतात. तोच नियम इथे लावा म्हणजे चुकणार नाही. दाणे, रस्सा, फोडणी एकत्र आले, पाच मिनिटं उकळले, की टोमॅटो. त्यानंतर मूठभर चिरलेला पालक. नागपूरच्या लग्नांतल्या डाळभाजीत पालक आणि डाळ एकत्र जमतात, तसा तो दाण्यांशीही जमतो. शेवटी बरबटी, मीठ, आणि गॅस बंद केल्यावर सांभार, म्हणजे कोथिंबीर.

एका वाटीभर राजम्याला आणि बाकीच्या दाण्यांना मिळून सात-आठ वाट्या पाणी लागलं. सहा माणसांचं जेवण झालं. हे सूप जेवणाआधी प्यायचं नाही, हेच जेवण आहे.

(दृश्य: तवा, ज्वारीची भाकरी फुगते.)

सोबत ज्वारीची भाकरी. दाण्यांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, मेथिओनिन कमी. धान्यांत नेमकं उलटं. भाकरी नाहीतर भात सोबत असला की दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. वर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने दाण्यांतलं लोह अंगी लागायला मदत होते.

(दृश्य: तुरीच्या शेंगा सोलणारे हात. टोपल्यात हिरवे सोले.)

आणि ज्यांना एवढा वेळ नाही त्यांच्यासाठी जानेवारीतला सोपा मार्ग म्हणजे तुरीचे सोले. ओला दाणा, भिजवणं नाही. अर्धे सोले कढईत थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत भाजायचे, लसूण, हिरवी मिरची, जिऱ्याबरोबर भरड वाटायचे आणि उरलेल्या अर्ध्यांसोबत पाण्यात शिजू द्यायचे. वीस मिनिटांत हिरवागार दाट रस्सा. भाजलेल्या सोल्याचा जो धुरकट गोडवा असतो, तो वाळलेल्या तुरीत सापडत नाही. माझ्या मते नागपूरच्या हिवाळ्यात याहून चांगलं सूप नाही.

शिजवलेलं पाणी जपा असं मी म्हटलं, त्याला अपवाद आहेत. कडू वालाचं पहिलं उकळलेलं पाणी टाकावं. लाखोळीचंही तसंच. भंडारा-गोंदियाकडे उभ्या धानात, जमिनीत ओल असतानाच लाखोळी फेकतात आणि ती फारशी मेहनत न घेता येते. गरिबाच्या ताटातली ही डाळ. तिच्यात असलेल्या एका विषारी घटकामुळे, दुष्काळात महिनोन् महिने फक्त तीच खाणाऱ्यांचे पाय लुळे पडल्याची उदाहरणं आहेत, आणि त्यामुळे 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. ही बंदी उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी वर्षानुवर्षं लढले. तो घटक पाण्यात विरघळतो. म्हणून लाखोळी गरम पाण्यात भिजवावी, पाणी टाकावं, नव्या पाण्यात शिजवावी, आणि इतर डाळींसोबत आलटूनपालटून खावी.

(दृश्य: रात्र. काकू उरलेला रस्सा पसरट भांड्यात ओततात.)

रस्सा उरला तर गंजात झाकून ओट्यावर ठेवू नका. पसरट भांड्यात ओतून लवकर निववा आणि फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तो थिजून घट्ट झालेला असेल. वाटीभर कढत पाणी घाला, नीट उकळी काढा, मीठ पुन्हा चाखून बघा.

काकू:
"सकाळी पोहे करीन. त्यावर हाच टाकीन. बिना तर्रीचा."