तिसरीतल्या मुलांचा राज्यकीटक

पान उलटं करा. मधल्या शिरेपाशी काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसतेय? ही मोनार्क फुलपाखराची. पान खायच्या आधी ती शीर कुरतडते आहे. मिल्कवीड हे रुईच्याच कुळातलं झुडूप, त्यामुळे पान तोडलं की पांढरा चीक वाहतो. नुकत्या जन्मलेल्या अळ्या तर त्या चिकात चिकटून मरतातही. शीर तुटली की चीक थांबतो, पान लुळं पडतं आणि मग ती निवांत खाते.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, डिकेटर इथल्या तिसरीच्या मुलांनी १९७४ साली सुचवलं, की मोनार्क हा राज्याचा कीटक व्हावा. १९७५ मध्ये तसा कायदा झाला.

आणि योगायोग असा, की मोनार्क हिवाळ्यात जातात कुठे, हे शास्त्रज्ञांना कळलं तेही १९७५ मध्येच. त्या जानेवारीत त्यांच्यासाठी शोध घेणारे केन ब्रगर आणि कातालिना आग्वादो मेक्सिकोच्या डोंगरात पोहोचले, तेव्हा ओयामेल वृक्षांच्या फांद्या फुलपाखरांनी वाकल्या होत्या. तिथल्या गावकऱ्यांना यात नवल नव्हतं. दरवर्षी नोव्हेंबर लागला, मृतात्म्यांचा सण आला, की ही येतातच.

इलिनॉयपासून तिथवर सुमारे अडीच हजार किलोमीटर. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. उन्हाळ्यातली मोनार्क काही आठवडेच जगतात. शरदात निघणारी पिढी मात्र आठेक महिने तग धरते. वाट दाखवायला सोबत कुणी नाही, कारण ती आधी गेलेली पिढी केव्हाच संपलेली असते. वसंतात ती उत्तरेकडे निघतात, वाटेत टेक्सासच्या आसपास अंडी घालतात आणि मरतात. इलिनॉयला पोहोचतात ती बहुतेक त्यांची लेकरं, नातवंडं.

ती येतात मिल्कवीडसाठी. अळी दुसरं काही खातच नाही. पण इलिनॉय म्हणजे मका आणि सोयाबीन. तणनाशकाला दाद न देणारी वाणं आली, फवारणी वाढली आणि शेतांतलं मिल्कवीड गेलं. मेक्सिकोत १९९६-९७ च्या हिवाळ्यात मोनार्कनी १८ हेक्टर जंगल व्यापलं होतं. २०१३-१४ मध्ये उरलं ०.६७ हेक्टर. तिथली वृक्षतोड आणि लहरी हवामान हीही कारणं आहेतच, पण अळीच्या तोंडचं पान गेलं हे मला सगळ्यात जास्त लागतं.

२०१७ मध्ये इलिनॉयने मिल्कवीडला राज्याचं रानफूल केलं. मुलांनी मागितलं होतं त्याच्या ४३ वर्षांनी त्यांच्या फुलपाखराच्या ताटाला मान मिळाला.

ही मादी बघा. पानावर उतरून पुढचे पाय आपटतेय. पायांनीच चव घेते ती. पटलं. पोट वाकवून पानाखाली टाचणीच्या डोक्याएवढं एकच अंडं चिकटवलं, आणि निघाली पुढच्या झुडपाकडे.